इटलीच्या ताटात ज्यूंनी काय वाढलं?

1891 साली पेल्लेग्रिनो आर्तुझी या गृहस्थांनी स्वतःच्या खर्चाने पाककृतींचं एक पुस्तक छापलं. इटली एकसंध राष्ट्र होऊन तेव्हा तीसच वर्षं झाली होती. पुढे हे पुस्तक घरोघरी गेलं आणि 'इटालियन स्वयंपाक' म्हणजे काय, हे बऱ्याच अंशी त्यातूनच ठरलं. त्यात वांग्याबद्दल लिहिताना आर्तुझी सांगतात, की चाळीस वर्षांपूर्वी फ्लोरेन्सच्या बाजारात वांगी आणि बडीशेपेचे कंद क्वचितच दिसत. ते ज्यूंचं खाणं मानलं जाई, म्हणून लोक त्याला हलकं समजत. चांगलं काय हे ओळखण्यात ज्यूंचं नाक ख्रिस्ती लोकांपेक्षा नेहमीच तेज राहिलं आहे, असंही ते पुढे मोकळेपणाने लिहितात.

आज इटालियन जेवणातून वांगं काढून टाकायची कल्पना करून पाहा. वांग्याचे तळलेले काप, टोमॅटो आणि चीज यांचे थर लावून भाजलेली पार्मिजाना गेली. सिसिलीची आंबटगोड कापोनाता गेली. पास्ता आल्ला नोर्मा गेला. जगभरच्या हॉटेलांत जिच्यावर 'इटली' अशी पाटी लागते, ती भाजी सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी मध्य इटलीत एका अल्पसंख्य समाजाची ओळख होती. आणि ज्या वांग्याचं आपण भरीत करतो, तेच हे वांगं. त्याची लागवड भारत आणि आसपासच्या प्रदेशात फार पूर्वी सुरू झाली, तिथून ते इराण आणि अरब मुलखांमार्गे भूमध्य समुद्राकाठी पोचलं. सिसिली आणि स्पेनपर्यंत त्याला अरबांनी नेलं. तिथून वर, इटलीच्या उत्तरेकडे ते कसं सरकलं, याच्या उत्तरात ज्यूंची गोष्ट येते.

ही गोष्ट समजून घ्यायला दोन प्रकारची बंधनं लक्षात ठेवावी लागतात: धर्माने सांगितलेली, म्हणजे ज्यूंनी स्वतः मानलेली, आणि राज्यकर्त्यांनी त्यांच्यावर लादलेली. इटलीतल्या ज्यूंचा जवळजवळ प्रत्येक प्रसिद्ध पदार्थ या दोहोंपैकी एखाद्या बंधनाला दिलेलं उत्तर आहे.

आधी धर्माचे नियम

ज्यू धर्माप्रमाणे जे खाणं चालतं त्याला कोशर म्हणतात. डुक्कर वर्ज्य. ज्या जलचरांना पोहायचे पर किंवा खवले नाहीत ते वर्ज्य, म्हणजे कोळंबी, शिंपल्या, माकूळ हे सगळं बाद. मांस आणि दूध एका जेवणात एकत्र येता कामा नये. आणि शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ: या काळात विस्तव पेटवायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजामुळे मराठी वाचकाला हे अगदीच नवं नाही. रायगड जिल्ह्यातल्या गावांत तेलघाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या मटणाच्या रश्शात दही किंवा साय येत नाही, नारळाचं दूध येतं. चवीला कोकणी आणि नियमाला ज्यू, असा तो रस्सा. इटलीतही हेच घडलं, फक्त हाताशी नारळाऐवजी ऑलिव्ह होतं.

डुकराच्या चरबीत शिजवणं ही मध्ययुगीन इटलीतल्या बहुतेक भागांची रोजची रीत होती. ज्यूंना ती चरबी चालत नव्हती. लोणीही मांसाबरोबर चालत नव्हतं. मग मध्य आणि दक्षिण इटलीत त्यांनी ऑलिव्हच्या तेलात तळायला सुरुवात केली, आणि उत्तरेत, जिथे ऑलिव्ह महाग, तिथे गूज नावाचं मोठं बदक पाळलं. या पक्ष्याची चरबी स्वयंपाकाला, मांसाचं सलामी, मांडीचं खारवून वाळवलेलं प्रोश्शुत्तो. ख्रिस्ती शेजारी डुकराचं जे जे करत ते सगळं ज्यूंनी गूजचं करून दाखवलं. लोम्बार्दीतल्या मोर्तारा गावाचं गूजचं सलामी आज नावाजलेलं आहे. आता त्यात डुकराचं मांसही मिसळतात, म्हणजे ज्यांच्यामुळे त्या मुलखात ही रीत रुजली त्यांनाच ते खाता येत नाही.

शब्बाथच्या नियमाने तर पदार्थांची एक वेगळीच जात तयार केली: शुक्रवारी करून ठेवायचे आणि शनिवारी गार खायचे पदार्थ. जो पदार्थ मुरल्यावर जास्त चांगला लागतो, तोच इथे टिकणार. म्हणून व्हिनेगर आलं, व्हिनेगरला तोल द्यायला बेदाणे किंवा मध आला, वर चिलगोजे आले. रोमच्या ज्यू घरांतली कोंचा घ्या. झुकिनीचे काप मीठ लावून वाळवायचे, तेलात तांबूस तळायचे, मग लसूण, पुदिना किंवा बॅसिलची पानं आणि व्हिनेगर यांचे थर देत भांड्यात रचून रात्रभर ठेवून द्यायचे. दुसऱ्या दिवशी पावाबरोबर गारच खायचे. ही आपल्या मुरलेल्या लोणच्याची आणि तळलेल्या कापांची मधली पायरी आहे. करायला सोपी, आणि झुकिनीऐवजी कोवळ्या दुधीवरही छान जमेल अशी.

ज्यांना शनिवारीही गरम हवं, त्यांनी दुसरी वाट काढली. कडधान्यं, मांस आणि पालेभाज्या एका जड भांड्यात घालून शुक्रवारी सूर्यास्ताआधी मंद भट्टीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काढायचं. याला हामिन म्हणतात. विस्तव आदल्या दिवशीचा, त्यामुळे नियम मोडत नाही.

तीन दिशांनी आलेले लोक

'इटलीतले ज्यू' हा एकच समाज नाही, आणि त्यांचं जेवणही एकाच वळणाचं नाही. रोममध्ये ज्यू ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापासून आहेत. म्हणजे ख्रिस्ती धर्मापेक्षा त्यांची तिथली वस्ती जुनी आहे. इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त केलं, कैदी रोमला आणले; त्या लुटीतला सात दिव्यांचा दीपस्तंभ रोममधल्या टायटसच्या कमानीवर आजही कोरलेला दिसतो. हे सगळ्यात जुने, इटलीचेच म्हणावेत असे ज्यू. मध्ययुगात जर्मन भाषिक प्रदेशांतून आल्प्स ओलांडून आलेले अश्केनाझी उत्तरेत स्थिरावले. आणि 1492 नंतर स्पेन-पोर्तुगालमधून हाकलले गेलेले सेफार्दी जहाजं भरभरून आले.

1492 हे साल स्पेनपुरतं राहिलं नाही, हे इथे महत्त्वाचं. सिसिली तेव्हा आरागॉनच्या राजाकडे होती, म्हणून स्पेनचे राजा-राणी फर्दिनांद आणि इसाबेला यांचा हकालपट्टीचा हुकूम तिथेही लागू झाला. जानेवारी 1493 पर्यंत सिसिलीतले ज्यू बेट सोडून गेले. पंधराशे वर्षांच्या आसपास तिथे राहिलेला, अरबांच्या राज्यात अरबी बोलायला शिकलेला, वांगी, पालक, बदाम, लिंबूवर्गीय फळं आणि आंबटगोड रश्शांवर वाढलेला हा समाज. पुढे नेपल्सच्या राज्यातूनही 1510 आणि 1541 मध्ये ज्यूंना बाहेर काढलं गेलं. हे सगळे लोक उत्तरेकडे सरकले: रोम, फ्लोरेन्स, फेरारा, व्हेनिस. सोबत सामान थोडंच नेता आलं असेल, पण हातातली सवय कुणी काढून घेऊ शकत नाही. दक्षिणेतली आंबटगोड चव आणि वांगं उत्तरेत जाण्याचा एक मोठा मार्ग हा होता.

रोममध्ये याचा एक पक्का पुरावा सापडतो. पोपच्या राज्यात ज्यूंना एकाच प्रार्थनास्थळाची परवानगी होती. तिथल्या ज्यूंनी मग एकाच इमारतीत पाच वेगवेगळी प्रार्थनागृहं थाटली. त्यांपैकी एकाचं नाव सिसिलियाना, एकाचं कातालाना, एकाचं कास्तिल्याना. सिसिली, कातालोनिया आणि कास्तिल इथून आलेली माणसं एका छपराखाली आपापल्या पद्धतीने प्रार्थना करत होती. घरी गेल्यावर त्यांच्या चुलीही भिंतीला भिंत लावूनच पेटत होत्या.

रोमची भिंत आणि तळणीचं तेल

14 जुलै 1555 रोजी पोप चौथ्या पॉलने एक फर्मान काढलं. रोमच्या ज्यूंनी टायबर नदीकाठच्या एका सखल तुकड्यात राहायचं. भोवती भिंत, दारं रात्री बंद. घरजमीन विकत घ्यायची नाही. डोक्यावर ओळखू येईल अशी पिवळी टोपी घालायची. धान्याचा किंवा लोकांच्या गरजेच्या इतर वस्तूंचा व्यापार करायचा नाही, जुन्या कपड्यांचा तेवढा करायचा. नदीला पूर आला की पाणी घरात शिरे. ही घेट्टोची व्यवस्था थोडीथोडकी नाही, 1870 पर्यंत चालली, म्हणजे तीनशे वर्षांहून जास्त. भिंत आधीच, 1848 मध्ये पाडली होती, पण कायद्याने मोकळीक मिळाली ती पोपची सत्ता जाऊन रोम इटलीत सामील झाल्यावर.

रोमची जी ज्यू पाककला आज जगभर मिरवते, ती या भिंतीच्या आत घडली. हे लिहिताना मला नेहमी अडखळायला होतं, कारण चविष्ट पदार्थाच्या गोष्टीत गरिबीला एक गोडवा चढतो, आणि तो खोटा असतो. तिथल्या बायकांना नवं काही निर्माण करायचं नव्हतं. त्यांना मुलांना जेवू घालायचं होतं.

घेट्टोच्या काठावरच, ऑक्ताव्हियाच्या जुन्या रोमन कमानीत, शहराचा मासळीबाजार भरत असे. तिथल्या चर्चचं नावच सान्तांजेलो इन पेस्केरिया, म्हणजे मासळीबाजारातलं. बाजार उठल्यावर उरलेली डोकी आणि काटे गोळा करून त्यांचं सार करायची पद्धत पडली, असं रोमचे ज्यू आपल्या माशाच्या साराबद्दल सांगतात. खर्चावर बंधन घालणाऱ्या कायद्यांनी त्यांच्या ताटातले मोठे, महागडे मासे कमी केले, आणि आलिचे, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला बारीक मासा, मुख्य झाला. आलिचोत्ती कोन लिंदिव्हिया हा त्याचा पदार्थ: साफ केलेले आलिचे आणि कडसर एन्डाइव्हची पानं यांचे थर लावायचे, मीठ, मिरी आणि तेल घालून भट्टीत ठेवायचं. पाणी घालावं लागत नाही, पानांना सुटतं तेवढं पुरतं. कडवटपणा माशाचा उग्रपणा खातो. दोन स्वस्त वस्तू आणि एक उत्तम जोडी.

आणि मग तळण. तेल तापवलं की स्वस्तातली कुठलीही भाजी, कुठलाही मासा मेजवानीचा होतो. भोपळ्याच्या वर्गातली फुलं, खारवलेल्या कॉडचे तुकडे, झुकिनी, आणि सगळ्यांत वर आर्टिचोक: कार्चोफी आल्ला जुदिया, म्हणजे ज्यू पद्धतीचे आर्टिचोक. याच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

आर्टिचोक म्हणजे एका काटेरी झाडाची न उमललेली कळी. रोमच्या आसपास, लादिस्पोली आणि चेर्व्हेतेरीकडे, रोमानेस्को जातीचा आर्टिचोक होतो. तो गोल असतो, त्याला काटे नसतात, आणि आतला केसाळ भाग इतका कोवळा की काढावाही लागत नाही. बाहेरची जून पानं टाकून धारदार सुरीने कळी गोल फिरवत तासतात. काळी पडू नये म्हणून लिंबाच्या पाण्यात ठेवतात. मग पुसून कोरडी करून बुडेल इतक्या ऑलिव्ह तेलात, बेताच्या आचेवर, आतपर्यंत मऊ होईस्तोवर तळतात. बाहेर काढून निवू देतात. निवल्यावर बोटांनी पाकळ्या हलकेच उलगडतात, शेवंतीच्या फुलासारख्या. आणि पुन्हा, या वेळी कडकडीत तेलात, उलटी दाबून धरतात. शेवटी वरून गार पाण्याचा हबका मारतात. त्याने पाकळ्या चुरचुरीत होतात. मधला गाभा लोण्यासारखा, पाकळ्या वेफरसारख्या. मैदा नाही, अंडं नाही, मसाला मीठ-मिरीपलीकडे नाही. दोनदा तळण्याचं कारण एवढंच, की मऊपणा आणि कुरकुरीतपणा या दोन गोष्टींना दोन वेगळ्या आचा लागतात.

हाच पदार्थ 2018 मध्ये बातम्यांत आला. अख्ख्या कळीच्या पाकळ्यांत किडे राहू शकतात आणि कोशरच्या नियमांत किडे चालत नाहीत, म्हणून इस्राएलच्या मुख्य रब्बी-कार्यालयाने (रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू) असे आर्टिचोक कोशर नसल्याचं सांगितलं. रोमचे ज्यू खवळले. आमच्या जातीच्या कळीच्या पाकळ्या इतक्या घट्ट मिटलेल्या असतात की किडा शिरतच नाही, आणि पिढ्यान् पिढ्या आम्ही त्या साफ करत आलो आहोत, अशी त्यांची बाजू होती. त्या वर्षीच्या वल्हांडण (पासोव्हर) सणाला समाजाच्या नेत्यांनी शुभेच्छांचा व्हिडिओ केला तोही आर्टिचोक साफ करताना. मला यात रोमच्या ज्यूंची बाजू पटते. जो पदार्थ तीनशे वर्षं घेट्टोत टिकला, त्याच्या शुद्धतेची काळजी त्याच्या माणसांनी घेतलीच असणार.

गोडाचं म्हणाल तर रोमच्या ज्यू गल्लीत रिकोटा चीज आणि आंबट चेरीचा पाय मिळतो, वरून पूर्ण झाकलेला. ज्यूंना दुधाचे पदार्थ विकायला बंदी होती, म्हणून चीज कणकेखाली लपवलं, अशी त्याची कथा सांगतात. कथा म्हणून ती गोड आहे, पण पुरावा म्हणून तिच्यावर भार टाकू नये. टस्कनीतल्या पितिल्यानो गावच्या स्फ्रात्तोचं तसं नाही; तिथे स्मृती नावातच आहे. स्फ्रात्तो म्हणजे घरातून हुसकून लावणं. सतराव्या शतकात टस्कनीवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या अधिकाऱ्यांनी दारांवर काठ्या आपटून ज्यूंना घराबाहेर काढलं आणि गावातल्या घेट्टोत नेलं. त्या काठीच्या आकाराची, अक्रोड आणि मध भरलेली गोड नळी ज्यू घरांत होऊ लागली. आज ती त्या गावातले सगळेच नाताळात खातात.

बंदर, भोपळा आणि फारोचं चाक

सगळीकडे भिंत नव्हती. 1591 आणि 1593 मध्ये टस्कनीचा ग्रँड ड्यूक पहिला फेर्दिनांदो याने लिव्होर्नो बंदरात व्यापाऱ्यांना बोलावणारे कायदे केले. ज्यूंना तिथे धर्माचं, व्यापाराचं आणि मालमत्तेचं स्वातंत्र्य मिळालं, आणि लिव्होर्नोत घेट्टो कधीच झाला नाही. सेफार्दी कुटुंबांचे नातलग उत्तर आफ्रिकेत, तुर्कस्तानात, ॲम्स्टरडॅममध्ये. माल फिरला तशा भाज्याही फिरल्या. टोमॅटोच्या रश्शात शिजवलेले लाल त्रिल्ये मासे आज 'लिव्होर्नो पद्धतीचे' म्हणून ओळखले जातात. ज्यू घरांत त्यांनाच मोशेच्या पद्धतीचे म्हणत. अमेरिकेतून आलेल्या टोमॅटोकडे बरेच इटालियन लोक बराच काळ संशयाने पाहत होते. या बंदरातल्या ज्यूंनी तो आधी शिजवला, असं म्हटलं जातं. उत्तर आफ्रिकेतला कुसकुसही इथे रुळला. आर्तुझींनी तो आपल्या पुस्तकात घेतला, आणि मूळचा अरबी असलेला हा पदार्थ ज्यूंनी आपल्या भटकंतीत जगभर नेला, असं नोंदवलं.

फेराराचा ड्यूक एर्कोले पहिला यानेही स्पेनहून आलेल्यांना आसरा दिला. फेरारा आणि शेजारचं मान्तोव्हा ही दोन्ही शहरं लाल भोपळ्याच्या सारणाच्या पास्त्यासाठी प्रसिद्ध आहेत, आणि दोन्हीकडे मोठी ज्यू वस्ती होती. भोपळा या भागात रुळण्यात ज्यूंचा हात होता, असं अनेक खाद्य-इतिहासकार मानतात. इथे मात्र थोडं सांभाळून बोलायला हवं. इंटरनेटवर आंबटगोड दिसलं की ज्यू, वांगं दिसलं की ज्यू, असं म्हणायची घाई असते. अरब, स्पॅनिश, तुर्की या सगळ्या चवी त्याच समुद्रावर फिरत होत्या. व्हेनिसच्या व्हिनेगरात मुरवलेल्या सार्डिन माशांचा ज्यूंच्या गार पदार्थांशी जवळचा सूर आहे, पण खलाशांनाही टिकणारं अन्न लागतंच. एखादा पदार्थ पहिल्यांदा कुणी केला यापेक्षा, तो टाकाऊ मानला जात असताना कुणी करत राहिलं, हे जास्त खात्रीने सांगता येतं.

उत्तरेतला एक पदार्थ मात्र निःसंशय ज्यू आहे आणि मला तो फार आवडता वाटतो: फारोचं चाक. बारीक ताल्योलिनी पास्ता गूजच्या चरबीत घोळवायचा, त्यात मांसाचे तुकडे, बेदाणे, चिलगोजे घालून गोल भांड्यात भाजायचा. इजिप्तच्या फारोचं, म्हणजे राजाचं, सैन्य समुद्रात बुडालं, ही कथा ज्या शब्बाथला वाचतात त्या दिवशी तो करतात. शेवया म्हणजे लाटा, आणि त्यात अडकलेले तुकडे म्हणजे फारोचे सैनिक. मुलं हे खात खात धर्मग्रंथ शिकतात.

विसाव्या शतकाने हा समाज जवळजवळ संपवला. 1938 मध्ये मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदी कायदे केले. 16 ऑक्टोबर 1943 रोजी नाझींनी रोमच्या जुन्या घेट्टोला वेढा घातला. हजाराहून जास्त लोक आउशवित्झला पाठवले गेले आणि त्यांतले फक्त 16 परत आले. पदार्थ लिहून ठेवायची पद्धत या घरांत फारशी नव्हती, आजीकडून नातीकडे ते हातांनी जात. त्या साखळीतले किती दुवे त्या एका सकाळी तुटले असतील, याचा विचार केल्याशिवाय रोमच्या ज्यू जेवणाबद्दल बोलू नये असं मला वाटतं. नंतर 1967 मध्ये लिबियातून पळून आलेले ज्यू रोममध्ये आले आणि तिखट, लसूणभरल्या लाल रश्शातला मासा, हराइमे, सोबत घेऊन आले. आता तो आलिच्यांच्या शेजारी त्याच गल्लीत मिळतो.

रोमला जाणार असाल तर ही गल्ली व्हिया देल पोर्तिको दोत्ताव्हिया. तिथली सगळीच हॉटेलं कोशर नाहीत. एकाच यादीत मोत्झारेल्ला आणि मांस दोन्ही दिसलं तर ते ज्यू पद्धतीचं हॉटेल आहे, ज्यू नियमाचं नाही. नियम पाळणाऱ्या ठिकाणी कार्बोनारा पास्ता मागवून पाहा. डुकराच्या गालाच्या मांसाऐवजी वाळवलेलं गोमांस येतं, चीज येत नाही. रोमानेस्को आर्टिचोकचा खरा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. शुक्रवारी दुपारी दुकानं लवकर बंद होतात आणि शनिवारी बेकरी उघडत नाही, तेव्हा चेरीचा पाय हवा असेल तर रविवारी सकाळी जा.